नव्या गाडीची उमेदवारी

पाडव्याच्या मुहूर्तावर नवी गाडी येते, बॉनेटवर स्वस्तिक उमटते, पंचवटीत काळारामाचे दर्शन होते आणि लगेच मुलांचा हट्ट सुरू होतो, "बाबा, पळवा की!" बाबांनाही मोह होतोच. नाशिकच्याच कारखान्यात तयार होणारी पेट्रोलवरची 'थार' घेतली असेल, तर हाताशी सुमारे १५० अश्वशक्ती असते!

पण वाचकहो, जरा दमाने घ्या. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक रेघा ठेवलेल्या असतात. त्यांवर घासूनच पिस्टनच्या रिंगा चपखल बसतात. त्या नीट बसल्या नाहीत, तर पुढे इंजिन तेल खाऊ लागते. म्हणून पहिले १,००० किलोमीटर, किंवा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत सांगितले असेल तितके, ॲक्सिलरेटर तळाला टेकवू नये. इंजिन थंड असताना तर मुळीच नाही. फाजील लाडही नकोत. रिंगा बसायला थोडा दाब लागतोच. तेव्हा एकाच वेगाने तासन्‌तास न जाता वेग कमीजास्त करावा.

दिंडोरी रस्त्याने वणीच्या गडावर जरूर जा. मात्र माणसे बेताची बसवा, चढावर वेळीच खालचा गिअर घ्या आणि परतल्यावर तेलाची पट्टी पाहा. उमेदवारीत लागलेले वळण इंजिनाला जन्मभर पुरते.