विकणारा कोण?

गेल्या महिन्यात आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी येथून आमच्या एका वाचकांचे सविस्तर पत्र आले. कापसाचे पैसे हाती आले की त्यांतील थोडा भाग शेअरांत गुंतवावा, अशी रीत त्यांच्या ओळखीच्या चार-पाच घरांत अलीकडे पडली आहे. सायंकाळी ही मंडळी एकत्र बसतात, कोणाचा तरी मुलगा मोबाइलवर भाव काढून दाखवतो, आणि मग चर्चेस रंग चढतो. सर्वांनी मिळून हेरलेल्या एका कंपनीचा भाव दोन महिन्यांत तिसऱ्या हिश्शाने उतरला आहे. एक गृहस्थ म्हणतात, डॉलर वधारला म्हणून असे झाले. दुसऱ्यांच्या मते परदेशी संस्था आपला पैसा काढून नेत आहेत. तिसऱ्यांचा ठाम ग्रह असा की, मुंबईचे सटोडिये मुद्दाम भाव पाडीत आहेत, तेव्हा स्वस्तात आणखी घेण्याची हीच वेळ आहे. यांत खरे कोणाचे, असे पत्रलेखकांनी आम्हांस विचारले आहे.

कंपनीचे नाव आम्ही येथे देत नाही, आणि अमुक शेअर घ्यावा की टाकावा हे सांगण्याचा आमचा अधिकारही नाही. मात्र त्या चर्चेत एक प्रश्न कोणीच विचारलेला दिसत नाही, आणि आमच्या मते तोच सर्वांत आधी विचारावयास हवा. भाव उतरतो आहे याचा अर्थ कोणीतरी विकतो आहे. तो विकणारा कोण?

कापसाच्या बाबतीत तामसीच्या शेतकऱ्यास हे शिकवावे लागत नाही. कापसाचा भावही दूरदूरच्या वाऱ्यांनी हलतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने आयात कापसावरील ११ टक्के शुल्क उठवले, त्याची चर्चा आदिलाबादच्या बाजारआवारापर्यंत पोहोचणे साहजिकच होते. तरीही माल शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे असतो. धागा ओढून पाहता येतो, ओलावा यंत्रावर मोजून मिळतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर कापूस महामंडळ पूर्ण भाव देते, १२ टक्क्यांपर्यंत त्या मानाने कापून देते, आणि त्यापुढे माल घेतच नाही. घेणारा व्यापारी आहे की महामंडळ, हेही समोर दिसते. शिवाय भाव कितीही पडला तरी खाली आधारभावाची एक फळी असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसास ती क्विंटलला ८,११० रुपये ठरली. ही फळी प्रत्येकाच्या पायाखाली वेळेवर येते असे नाही. पण ती आहे. शेअरास अशी फळी नाही, माल हाताळून पाहण्याची सोय नाही, आणि समोरच्या माणसाचे तोंडही दिसत नाही.

हे न दिसणे केवढे महाग पडू शकते, याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला दूर जावयास नको. हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी आपल्या भागातील कितीतरी घरांच्या परिचयाची होती. कोणाचा भाचा तेथे नोकरीस, तर कोणाच्या डीमॅट खात्यात तिचे शेअर. बी. रामलिंग राजू यांनी १९८७ साली स्थापन केलेली ही कंपनी देशातील संगणक-सेवेच्या अग्रगण्य कंपन्यांत मोडू लागली. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातही तिची नोंदणी झाली. २००८ साली उत्तम कारभाराबद्दलचे पारितोषिकही तिला मिळाले होते! त्याच वर्षी तिच्या शेअराने ५४४ रुपयांपर्यंत मजल मारली.

पुढे जगभर मंदीचे वारे सुटले आणि इतरांबरोबर सत्यमही उतरू लागला. १६ डिसेंबर २००८ रोजी कंपनीने जाहीर केले की, राजू कुटुंबाशी संबंधित असलेल्या ‘मेटास’ नावाच्या दोन कंपन्या ती सुमारे १६० कोटी डॉलर देऊन विकत घेणार आहे. मेटास हे नाव इंग्रजीत सत्यम उलटे लिहिले की होते. भागधारकांनी आरडाओरडा केला, तेव्हा काही तासांतच बेत मागे घेण्यात आला. दुसऱ्या दिवशी भाव सुमारे तीस टक्क्यांनी कोसळला. तेव्हा जेथे जेथे या शेअराची चर्चा झाली, तेथे तामसीच्या बैठकीतील तिन्ही मते ऐकू आली असतील, अशी आमची खात्री आहे. अमेरिकेची मंदी होतीच, परदेशी संस्था खरोखरच बाहेर पडत होत्या, आणि सटोडिये तर कोठे नसतात? तिन्ही कारणे खरी होती. खरे दुखणे मात्र चौथेच होते.

महिना सरता सरता कंपनीने कळवले की, प्रवर्तकांचे सर्वच्या सर्व शेअर कर्जापोटी गहाण आहेत आणि कर्ज देणाऱ्या संस्था ते विकू शकतात. गहाण शेअरांची रीत सोन्याच्या गहाणासारखीच असते. गहाण वस्तूची किंमत उतरली की सावकार आणखी तारण मागतो. ते न मिळाल्यास वस्तू विकून मोकळा होतो. पण सोन्याची एक पाटली विकल्याने सोन्याचा भाव पडत नाही. शेअरांचे मोठे गाठोडे बाजारात ओतले की भाव पडतो, भाव पडला की उरलेले तारण अपुरे ठरते, आणि आणखी गाठोडी सुटतात. म्हणजे त्या दिवसांत ‘स्वस्त झाला’ म्हणून जो लहान गुंतवणूकदार शेअर घेत होता, त्याच्यासमोर विकणारा म्हणून खुद्द मालकाचा सावकार उभा असण्याचा पुष्कळ संभव होता. भावफलकावर हे लिहिलेले नसते.

पूर्वसूचना त्याआधीही होत्या. २००१ साली प्रवर्तक कुटुंबाकडे कंपनीचा सुमारे चौथा हिस्सा होता. २००८ पर्यंत तो नऊ टक्क्यांच्या आत आला. ज्याने कंपनी उभी केली तो वर्षानुवर्षे आपला वाटा कमी करतो आहे, ही गोष्ट लपवलेली नव्हती. ती छापून येत होती, फक्त तिच्यावर गप्पा रंगत नव्हत्या.

७ जानेवारी २००९ रोजी राजूंचे ते पत्र प्रसिद्ध झाले. ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँकशिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीत कामकाजाचा नफा ६४९ कोटी दाखवला होता, तो वास्तविक ६१ कोटी होता. आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास असलेला शेअर त्या दिवशी चाळिसावर आला, आणि ९ तारखेस साडेअकरा रुपयांपर्यंत गेला. एवढा खोटा ताळेबंद नामांकित हिशेबतपासनिसांच्या हातून कसा निसटला, हा प्रश्न पुढे कितीतरी वर्षे न्यायालयांत फिरत राहिला. राजूंस व इतरांस हैदराबादच्या विशेष न्यायालयाने २०१५ च्या एप्रिलमध्ये सात वर्षांची शिक्षा सुनावली.

तरी भागधारकांची कथा येथे संपत नाही. सरकारने जुने संचालक मंडळ बरखास्त करून दीपक पारेख, किरण कर्णिक आदी मंडळींच्या हाती कारभार दिला. एप्रिलमध्ये टेक महिंद्राने ५८ रुपये दराने मोठा हिस्सा घेतला, आणि २०१३ साली सत्यम तिच्यात विलीन होताना १७ शेअरांस २ असे प्रमाण ठरले. २०१५ साली टेक महिंद्राने एकास एक बोनस दिला व दहा रुपयांचा शेअर पाच-पाचाचा केला, त्यामुळे त्या दोनाचे आठ झाले. ९ जानेवारी २००९ रोजी नीचांकी भावाने सत्यमचे १७ शेअर ज्याने विकले, त्याच्या हाती दोनशे रुपयेही पडले नाहीत. ज्याने ते हलवले नाहीत, त्याच्या खात्यात आज आठ शेअर आहेत.

‘म्हणजे धरून ठेवावे हेच बरे’, असा अर्थ कोणी काढील म्हणून लगेच सांगतो की, सत्यमजवळ ग्राहक होते, हजारो कुशल माणसे होती, आणि सरकार धावून आले. प्रत्येक कंपनीसाठी सरकार धावत नाही. कागजनगरची सिरपूर पेपर मिल आदिलाबादकरांस सांगावयास नको. १९३८ साली स्थापन झालेली ही गिरणी २०१४ साली बंद पडली आणि दिवाळखोरी संहितेच्या मार्गाने २०१८ साली जे. के. पेपरकडे गेली. यंत्रे पुन्हा फिरू लागली, ही आनंदाची गोष्ट. पण गिरणी वाचणे आणि गिरणीचा शेअर वाचणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेवरील हक्कांचा जो क्रम कायद्याने लावला आहे, त्यात सामान्य भागधारक अगदी शेवटी उभा असतो, आणि पंगत उठेपर्यंत त्याच्या पानावर बहुधा काही पडत नाही.

गहाण शेअर म्हणजे लबाडीच, असेही समजू नये. २०१९ च्या जानेवारीत झी एंटरटेनमेंटचा शेअर एका दिवसात सुमारे चौथ्या हिश्शाने पडला. तेथे प्रवर्तकांनी इतर उद्योगांसाठी शेअर गहाण टाकून काढलेली कर्जे अंगावर आली होती. वाहिन्यांचा धंदा मात्र चालू होता. तेव्हा गहाणखताने सगळे कळते असे नाही. पण विकणारा कोण असू शकतो, हे त्यावरून कळते, आणि सायंकाळच्या बैठकीस एवढे पुरेसे आहे.

सत्यमच्या धक्क्यानंतर, २००९ च्या जानेवारीतच, ‘सेबी’ने प्रवर्तकांच्या गहाण शेअरांची माहिती जाहीर करणे सक्तीचे केले. आज प्रत्येक तिमाही संपल्यापासून २१ दिवसांच्या आत कंपनीला भागधारणेचा तक्ता शेअरबाजाराकडे द्यावा लागतो. मुंबई शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर तो कोणासही फुकट पाहता येतो. त्यात प्रवर्तकांचा वाटा किती, त्यांपैकी गहाण किती, परदेशी संस्थांकडे किती, देशातील म्युच्युअल फंडांकडे किती, अशी घरे आखलेली असतात. तक्ता इंग्रजीत असतो. पण जो मुलगा भाव काढून दाखवतो, त्याला तो वाचता येईल. लागोपाठच्या चार तिमाहींचे आकडे वहीत शेजारी शेजारी मांडावेत. परदेशी संस्थांचा वाटा खरोखर घटला असेल, तर दुसरे गृहस्थ बरोबर. तो तसाच असेल, तर त्यांनी आपले मत सोडावे. प्रवर्तकांचा गहाण हिस्सा वाढत असेल, तर ‘आणखी घ्या’ म्हणणाऱ्या तिसऱ्या गृहस्थांनी थोडे थांबावे.

एका बाबतीत मात्र आमच्या मनातील खंत जात नाही. सत्यमच्या अमेरिकेतील भागधारकांनी तेथे सामुदायिक दावा लावला आणि २०११ साली साडेबारा कोटी डॉलरांची भरपाई कंपनीकडून कबूल करून घेतली. येथील भागधारकास तशी वाट कायद्याने मोकळी नव्हती. २०१३ च्या कंपनी कायद्यात २४५ वे कलम घालून ती आखण्यात आली आणि २०१६ साली ते कलम अमलात आले. पण त्यासाठी पुष्कळ भागधारकांनी एकत्र यावे लागते, आणि तामसीच्या चार-पाच घरांनी हैदराबादच्या, इंदूरच्या, बडोद्याच्या आपल्यासारख्या घरांना शोधावे तरी कोठे?