कोंबडी धरायची कशी?

हौसेने कोंबड्या पाळणाऱ्या नवख्याला धास्ती असते चोचीची. प्रत्यक्षात त्याच्या हातून धोका कोंबडीलाच जास्त. कोंबडीला माणसासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड खालीवर हलले तरच तिचा श्वास चालतो. घाबरून घट्ट आवळली, की ती गुदमरते. बाजारात दिसते तशी पाय धरून उलटी लटकवणे तर सोडूनच द्यावे. वरून झेपावणारा हात तिला घारीसारखा वाटतो, म्हणून आधी खाली बसून तळहातावरचे दाणे खाऊ द्यावेत. पहिल्यांदा उचलायची ती तिन्हीसांजेनंतर, खुराड्यात. अंधारात तिला फारसे दिसत नाही, ती पळत नाही. एक हात पोटाखाली, दुसऱ्याने पंख अंगाशी. मुलांना पापा मात्र घेऊ देऊ नये. धडधाकट कोंबडीतही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. नंतर हात साबणाने धुवावेत, नुसते नळाखाली धरून नव्हे.