नमद्याखालचे हात
काश्मिरी नमद्याला, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या गालिच्याला, माग लागत नाही. पसरलेल्या लोकरीवर साबणाचं पाणी शिंपडायचं, चटईत गुंडाळून पायांनी रेटत राहायचं. तंतू एकमेकांत घट्ट अडकतात. मग त्यावर आरीचं, म्हणजे आकडीच्या सुईचं, रंगीत भरतकाम! १९९८ ते २००८ या काळात नमद्याची निर्यात जवळपास संपली: कच्चा माल कमी, कुशल हात कमी, विक्रीची जाणही कमी. २०२१मध्ये सरकारी प्रशिक्षण सुरू झालं, २०२३मध्ये नमदे ब्रिटनला गेले. फार बरं वाटलं. पण ही कला टिकायची तर प्रदर्शनात वस्तूशेजारी कारागिराचं नाव हवंच, आणि कारागीर नमदा रेटताना पाहुण्यांना दिसायला हवा. किती दिवसांची मेहनत, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस घासाघीस करत नाही.