औषध आणि वाट

झांबियातील सेरेंजे जिल्ह्यात पावसाळ्याच्या रात्री एखाद्या मुलाला ताप चढतो आणि झटके येऊ लागतात, तेव्हा घरापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो औषधाचा नव्हे, मुलाला न्यायचे कसे, हा. वस्त्या विखुरलेल्या, वाटा कच्च्या, दवाखाना कोसांवर. गंभीर हिवतापाने मात्र काही तासांतही मूल दगावू शकते.

या जिल्ह्यात २०१७-१८ साली एक उपक्रम राबविला गेला. गावातीलच स्वयंसेवकांना आजाराची धोक्याची लक्षणे ओळखण्यास शिकविले गेले. अशा मुलास ते गुदद्वारावाटे आर्टेसुनेटची मात्रा देत. हा उपचार पूर्ण नव्हे. तो केवळ अवधी मिळवून देतो. त्या अवधीत मुलाला दवाखान्यात पोचविण्यासाठी गावाजवळ सायकल-रुग्णवाहिका होती : सायकलीमागे जोडलेली दुचाकी गाडी, तीवर गादी आणि वर छत. इंधन नको, आणि दुरुस्ती गावातला कारागीरही करू शकतो. संकटकाळासाठी गावाने बचत निधी आणि धान्यपेढीही उभारली होती. उपक्रमाच्या क्षेत्रात गंभीर हिवतापाने दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण ८ टक्क्यांवरून ०.२५ टक्क्यावर आले.

हे यश एकट्या औषधाचे मानले तर मोठीच चूक होईल. पुढे काँगो, नायजेरिया आणि युगांडा येथे याच औषधाचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाला, तेव्हा अपेक्षित लाभ दिसला नाही. पहिल्या मात्रेनंतर अनेक मुले दवाखान्यापर्यंत पोचत नव्हती आणि पोचलेल्यांपैकी अनेकांना पुढील उपचार पूर्ण मिळत नव्हते. आपल्याकडे चतुर्विध दानांत औषधदान गणले जाते आणि आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य. वैयावृत्त्याचा मूळ रोख साधुसेवेकडे असला, तरी रोग्यापाशी थांबून त्याची काळजी वाहणे हा त्याचा गाभा आहे. औषध हाती ठेवून निघून जाणाऱ्याचे काम तेथे अर्धेच राहते.

थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासिकांनी १९९४ साली मातामृत्यूंचा विचार करताना तीन विलंब सांगितले : मदत घेण्याचा निर्णय होण्यास लागणारा, दवाखान्यात पोचण्यास लागणारा आणि तेथे योग्य उपचार मिळण्यास लागणारा. गाडी आणली की मधला विलंब मिटतो, असे वाटते; पण मलावीतील अनुभव सावध करणारा आहे. तेथे गावांत सायकल-रुग्णवाहिका आल्या, तरी प्रसूतीसाठी त्यांत बसणे अनेक स्त्रियांना संकोचाचे वाटले. प्रसूतीची गोष्ट गुप्त राखण्याची रीत, आणि ही गाडी निघाली की साऱ्या गावाला वार्ता! लोकांना विचारल्यावाचून दिलेली सोय पुष्कळदा अशीच अंगणात उभी राहते.

टांझानियात निराळा मार्ग निघाला. ११५ या निःशुल्क क्रमांकावर कळविले, की रुग्णवाहिका जवळ नसल्यास आधी नोंदविलेल्या स्थानिक वाहनचालकास बोलावले जाते आणि त्याचे भाडे मोबाइलवरून चुकते होते. गरोदर स्त्रीच्या घरच्यांना मध्यरात्री पैशांची जुळवाजुळव करावी लागत नाही.

नायजेरियातील गोम्बे राज्यात तर पैशाऐवजी रांगेचाच उपयोग करण्यात आला. तेथील प्रवासी वाहनतळावर चालकांना आपली पाळी येईपर्यंत ताटकळावे लागते. दिवसाची कमाई त्या रांगेतल्या स्थानावर अवलंबून असते. चालकांच्या संघटनेला सोबत घेऊन असे ठरले, की जो चालक अडलेल्या स्त्रीला नफा न घेता दवाखान्यात पोचवील, त्याने तळावर परतल्यावर रांगेत सर्वांच्या पुढे उभे राहून प्रवासी भरावेत.