एकावर भागले नसते

४ जून १९९६. एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत फुटले. कारण सर्वज्ञात आहे. एरियन-४ मधून जशीच्या तशी उचललेली आज्ञावली. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. अभियांत्रिकीच्या वर्गांत हा धडा आजही शिकवतात. रॉकेटवर काय होते, ते सहसा कोणी सांगत नाही.

‘क्लस्टर’ मोहिमेची चार याने होती. पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या बाहेरच्या भागातल्या प्लाझ्मा लहरी त्यांनी चार ठिकाणांहून एकाच वेळी टिपायच्या होत्या. दहा वर्षांची मेहनत प्रक्षेपणस्थळाजवळच्या खारफुटीच्या दलदलीत विखुरली.

सुटे भाग मात्र शिल्लक होते. त्यांतून एक यान उभे राहू शकत होते. युरोपीय अवकाश संस्थेने त्याला मंजुरी दिली, ‘फीनिक्स’ हे नावही दिले. खर्च आटोक्यात राहिला असता आणि मोहीम कागदोपत्री जिवंत. पण मोहिमेचे उद्दिष्ट एकट्या यानाने गाठता येत नव्हते. शास्त्रज्ञांनी ते स्पष्ट सांगितले.

का, ते नीट पाहायला हवे. खिडकीतून पाऊस थांबलेला दिसला, तर ढग विरला की पुढे सरकला, हे एका खिडकीतून कळत नाही. एकट्या यानाचेही तेच. नोंदलेली लहर अचानक मंदावली, तर ती खरोखर विझली की यानच तिच्या पट्ट्याबाहेर गेले? एका यानाने वर्षानुवर्षे मोजले तरी ही शंका फिटत नाही. तिन्ही दिशांनी मोजायचे तर किमान चार हवीत, तीही एका प्रतलात नसलेली.

१९९७ मध्ये संस्थेने निर्णय बदलला. फीनिक्सच्या जोडीला आणखी तीन याने. २००० च्या जुलै-ऑगस्टमध्ये बैकानूरहून दोन सोयूझ रॉकेटांनी ती वर गेली. या चार यानांनीच दाखवले, की ‘कोरस’ लहरींचा उगम आडवा मोजला तर जेमतेम शंभरेक किलोमीटरचा असतो. याच लहरी इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देतात आणि ते इलेक्ट्रॉन उपग्रह निकामी करू शकतात. एकाच यानाच्या नोंदींतून ही रुंदी ठरवता आली नसती.

दोन वर्षांसाठी आखलेले काम २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत चालले. नासाने २०१५ मध्ये सोडलेल्या ‘एमएमएस’ मोहिमेतही याने चारच आहेत. विज्ञानाच्या मोहिमेला ‘तूर्त एकावर भागवा’ असे सुचवणाऱ्या प्रत्येक समितीने आधी १९९७ चा हा निर्णय वाचावा.