वीस किलो आणि एक ट्यूब

आपल्याकडे ड्रग्ज म्हटलं की किलो आणि कोटी. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकणजवळ २० किलो मेफेड्रोन पकडलं, किंमत २० कोटी. त्याच प्रकरणातला एक आरोपी २ ऑक्टोबर २०२३ ला ससूनमधून पळाला आणि तो सापडेपर्यंत चॅनेलवाल्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ एमआयडीसी. तिथे तर माल शेकडो किलो आणि किंमत हजारो कोटी!

पोलिसांचं कौतुक आहेच. पण आपल्या पिंपळे गुरवमधल्या सातवी-आठवीतल्या पोराच्या खिशात मेफेड्रोन नसतं हो. परवडतच नाही. त्याला परवडते पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब. चार पोरांनी मिळून काढलेल्या वर्गणीत येते, कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते, आणि दुकानदार एका शब्दाने विचारत नाही की बाबा, तुझी सायकल कुठाय? रुमालावर किंवा प्लास्टिकच्या पिशवीत पिळायची आणि हुंगायची, बास. याला ना छापा पडतो, ना बातमी होते.

मी हवेत बोलत नाहीये. केंद्र सरकारने एम्सकडून देशभर सर्वेक्षण करून घेतलं, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारू, गांजा, अफू सगळं मोजलं. त्यात मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त प्रमाण असलेला एकच प्रकार निघाला, हा हुंगायचा. १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांमध्ये ०.५८. आणि उपचाराची गरज असलेली मुलं साधारण ४ लाख ६० हजार. म्हणजे हा पोरांचाच नशा आहे. पण आपली सगळी यंत्रणा मोठ्यांच्या नशेसाठी बांधलेली.

हा विषय काढला की सोसायटीत एक ठरलेलं उत्तर मिळतं : "ती त्या पत्र्याच्या खोल्यांमधली पोरं. आईबाप दोघं कंपनीत, लक्ष कुणाचं नाही." वा! आईबाप दोघं कंपनीत म्हणजे माझ्या मजल्यावरची निम्मी घरंसुद्धा आली की. फरक एवढाच की आपली पोरं लॅच-की घेऊन बंद दाराआड असतात आणि ती उघड्यावर दिसतात. व्हाइटनर, नेलपॉलिश रिमूव्हर, डिओचा स्प्रे, यातली कुठली वस्तू फ्लॅटमध्ये नसते?

आता थोडं केमिस्ट्री (इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरला झोपा काढल्या असतील त्यांच्यासाठी). रबर पातळ ठेवायला त्यात द्रावक लागतं, बऱ्याचदा टोल्यूइन. त्याची वाफ फुप्फुसातून थेट रक्तात आणि काही सेकंदांत मेंदूत. नशा टिकते मिनिटं, म्हणून पुन्हापुन्हा हुंगायचं. वर्षानुवर्षं चाललं तर मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण खराब होतं. म्हणजे वायरचं इन्सुलेशनच जातं म्हणा ना. आणि कधीकधी वर्षं लागतही नाहीत. हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी पोरगं गेल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात आहेत.

मग कायदा काय करतो? २०१२ मध्ये केंद्राने व्हाइटनर आणि थिनरच्या बाटल्यांवर बंधनं आणली, पेनसारख्या साधनातून थोडं थोडं येईल असंच विका म्हणून. चांगलं केलं. पण पोरं सोल्युशनकडे वळली तर? बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ : मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. भारी वाटतं ना? पण त्यात शब्द आहेत मद्य, अमली पदार्थ, मनोवर्ती पदार्थ, तंबाखू. पंक्चरचं सोल्युशन यातल्या कुठल्या खणात बसवायचं यावर वकील वाद घालत बसणार, तोवर पोरगं दहावीला बसायच्या वयाचं होणार.

माझा खरा राग वेगळाच आहे. हा प्रॉडक्ट डिझाइनचा प्रश्न आहे आणि आपण तो संस्कारांच्या खात्यात टाकून मोकळे झालोय. १९६९ मध्ये अमेरिकेत टेस्टर्स कंपनीने मॉडेल चिकटवायच्या गोंदात मोहरीचा अर्क घातला. हुंगलं की नाकात असा झणका जातो की पुन्हा कुणी तोंडाजवळ नेणार नाही. ऑस्ट्रेलियात आदिवासी वस्त्यांमधली पोरं पेट्रोल हुंगायची. तिथे २००५ पासून ओपल नावाचं, ॲरोमॅटिक घटक कमी असलेलं पेट्रोल द्यायला सुरुवात केली, आणि जिथे ते पोचलं तिथे हुंगणाऱ्यांची संख्या धडाधड खाली आली. भाषणं देऊन नाही, पंपावरचा माल बदलून! आणि आपण? भोसरी ते चाकण अख्खा पट्टा केमिकल, रबर, ॲडेसिव्ह कोळून प्यायलेल्या लोकांनी भरलाय. गाडीचा हॉर्न किती डेसिबलने वाजावा यावर इथे मीटिंगा होतात, पण बारा वर्षांच्या पोराच्या हातात जाणाऱ्या ट्यूबचं स्पेसिफिकेशन कुणाच्याच टेबलावर नाही.

"एक बंद केलं की दुसरं शोधतील" असं म्हणणारे भेटतात. शोधतील काही. पण बारा वर्षांच्या मुलाची अख्खी नशा सहज मिळण्यावर उभी असते. त्याच्याकडे ना पैसा, ना ओळखी. दोन वर्षं उशीर झाला तरी तेवढा मेंदू वाचला.

आणि पंक्चरवाल्याच्या पोटावर पाय येईल म्हणाल, तर तसंही नाही. नव्या गाड्या बहुतेक ट्यूबलेस, तिथे पट्टी घुसवतात. सोल्युशन लागतं ते सायकलला आणि जुन्या ट्यूबला. धंदेवाल्याला डबा मिळू दे, सुटी ट्यूब अठराच्या आतल्याला नाही, एवढं लिहायला संसदेचं अधिवेशन कशाला हवं?

असो. तोवर एक करा. पोराच्या कपड्यांना थिनरसारखा वास आला, नाकातोंडाभोवती पुरळ दिसलं, तर कानफटात मारायच्या आधी १४४४६ लावा. टोल-फ्री आहे, आणि तो पोलिसांचा नंबर नाही, समुपदेशनाचा आहे. येरवड्याला मुक्तांगण तर १९८६ पासून आहे. तेव्हा पुण्यात गर्द आली होती आणि तेव्हाही चांगल्या घरातले लोक म्हणत होते, आमच्याकडे नाही हो असलं काही.