पाचवे शील पुन्हा घेताना



ऑगस्ट २०२५ मध्ये कुवेतमध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने २३ जणांचा बळी घेतला. बाधितांची संख्या १६० वर गेली; त्यांत अनेक भारतीय होते. येथे मद्यबंदी असल्याने व्यसनी माणूस लपतो आणि कायद्याच्या भीतीने उपचारही टाळतो.

अशा बांधवाला वंदना काय देते? पंचशील आपण बालपणापासून म्हणतो. पण ‘सिक्खापद’ या शब्दाचा अर्थ सहसा लक्षात घेत नाही. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, आणि ‘समादियामि’ म्हणजे मी तो स्वतः स्वीकारतो. शिकणाऱ्याचे पाऊल चुकते. म्हणून मोडलेले शील उद्या पुन्हा घेता येते. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्यत्याग आहे, तो स्वाभिमानासाठी.

मात्र गाथापठणाने वैद्यकीय उपचाराची जागा घेऊ नये. दीर्घकाळचे मद्यपान एकाएकी थांबवल्यास झटके व भ्रम संभवतात. तेथे डॉक्टर हवाच. पठणातून लाभते ती दिवसाची ठरलेली वेळ, श्वासाची लय आणि सोबतीचा आवाज.

शुक्रवारच्या वंदनेस येईनासा झालेल्या बांधवाला या आठवड्यात फोन करावा. उपदेश करू नये. तो शील पुन्हा घेईल, तेव्हा शेजारी आपण असावे.

नमो बुद्धाय.